तिच्या नावावर काय होतं?

कुठल्याही राणीचा धडा संपला की हिस्टरी टीचर पुस्तक मिटायच्या, चष्मा काढून पदराला पुसायच्या आणि विचारायच्या, "बरं, तिच्या नावावर काय होतं?" आम्ही आठवीतल्या मुली एकमेकींकडे बघायचो. एखादी हुशार मुलगी म्हणायची, "कीर्ती, टीचर." टीचर म्हणायच्या, "कीर्ती सातबाऱ्यावर चढत नाही. घर होतं का? जमीन? निदान एखादी विहीर?" वर्ग हसायचा. उत्तर पुस्तकात नसायचं आणि परीक्षेतही यायचं नाही, त्यामुळे आम्हाला ते शोधावंसं वाटलं नाही.

आमची शाळा इंग्रजी माध्यमाची. सनावळ्या, तह, लढाया त्या इंग्रजीतच शिकवायच्या. बायकांपाशी आलं की मात्र मराठीत उतरायच्या. "इंग्रजीत यांचे हाल फार नीटनेटके वाटतात," असं त्यांचं म्हणणं. झाशीच्या राणीवर तर त्यांचा विशेष राग होता. म्हणजे राणीवर नव्हे, आमच्या राणीवर. आम्हाला घोडा आणि तलवार तेवढी माहीत. त्या म्हणायच्या, "तलवार नंतर आली, बाई. आधी अर्ज. नवरा गेला, दत्तक मुलाला वारस म्हणून कोणी मानेना, तेव्हा ती बाई आधी अर्ज लिहीत बसली होती. तुमच्यापैकी कोणाला अर्ज लिहिणारी राणी व्हायचंय?" कोणालाच व्हायचं नसायचं.

हा प्रश्न दरवर्षी गॅदरिंगच्या आधी खरोखरच उभा राहायचा, कारण 'इतिहासातील थोर स्त्रिया' हा कार्यक्रम त्यांच्याकडे असे. स्टाफरूमच्या कोपऱ्यात त्यांची एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात नऊवारी साड्या, खोटे दागिने, पुठ्ठ्याच्या ढाली. तलवारीसाठी मुलींची भांडणं व्हायची. मी कधी हात वर केला नाही. आम्ही साताऱ्याकडचे, वडिलांना वसई रोडला फ्लॅट परवडला म्हणून इथे आलेलो. मी वर्गात इतकी कमी बोलायचे की काही मुलींना माझं आडनाव माहीत नव्हतं. टीचरनी मला बोलावून पोर्तुगालची राजकन्या केलं.

"ही थोर कशी?" मी कसंबसं विचारलं.

"थोर नाहीच. हिच्या हुंड्यात मुंबईचं बेट इंग्रजांना गेलं. व्यवहार भाऊ आणि होणारा नवरा, म्हणजे इंग्लंडचा राजा, यांच्यात झाला. हिने मुंबई पाहिली नाही, मुंबईने हिला पाहिलं नाही. वसई तेवढी पोर्तुगीजांनी स्वतःकडे ठेवली, नाहीतर आपणही त्याच ताटातून गेलो असतो." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "तुला बोलायचं नाही. फक्त उभं राहायचं. तिचंही काम तेवढंच होतं."

मी उभी राहिले. टाळ्या तलवारीला पडल्या.

तालमीच्या निमित्ताने त्यांच्या घरी जाणं सुरू झालं आणि शाळा संपल्यावरही राहिलं. उमेळ्याला त्यांची वाडी होती. केळी, नारळ, मागच्या बाजूला चाफा आणि मधोमध एक तळं. तिथले लोक त्याला बावखल म्हणतात. वाडीला पाणी त्याचंच. शाळेत कडक इस्त्रीची कॉटन साडी नेसणाऱ्या टीचर घरी पदर खोचून केळीला पाणी सोडायच्या आणि भावाला हाक मारायच्या, "दादा, पानी इकडं वळव रं." दादा त्यांच्यापेक्षा धाकटा, पण एकुलता एक भाऊ म्हणून सगळे दादा म्हणायचे, त्याही म्हणायच्या. टीचरनी लग्न केलं नव्हतं. आईचं आजारपण, मग वडिलांचं, मग दादाच्या मुलांच्या शाळा. दादा माणूस गोड. मी निघाले की पिशवीत केळी घातल्याशिवाय सोडायचा नाही. म्हणायचा, "आमच्या ताईची लेकच तू. ताईनं पोरी जमवल्या गावभर, पन घरात एक नाय."

मी कॉलेजात होते तेव्हा आजूबाजूच्या वाड्या भराभर जाऊ लागल्या. टीचरचे वडील वारले होते, वाडीवर दोघांची नावं लागली होती. बिल्डर घरी येऊन बसायला लागला. त्याला अर्धी वाडी नको होती आणि दोन सह्यांची कटकटही नको होती. एका संध्याकाळी मी तिथे असतानाच वहिनींनी विषय काढला. "ताई, सगळ्या बहिनी हिस्सा सोडतात. शेजारच्या चौघींनी सोडला. नाय सोडला की मग माहेर बंद होतं."

"मी माहेरीच राहते, वहिनी. बंद कुठून होणार?" टीचर म्हणाल्या.

दादा पायरीवर बसला होता. मान खाली घालूनच बोलला. "ताई, तू कुठं जानार हायेस? बिल्डिंगमधी तुला खोली. पहिली तुझी, मग आमची. माझ्यावर विश्वास नाय का तुझा?"

वीस वर्षं वर्गाला जमीन, घर, विहीर विचारणारी बाई उठून आत गेली. चहा टाकला. मला वाटलं, त्या अर्ज लिहिणाऱ्या राणीसारखा काही विचार करत असतील.

महिन्याभराने त्यांचा फोन आला. हक्कसोडपत्र करायचं ठरलं होतं. साक्षीदार दोन लागतात. एक बिल्डरचा माणूस होता. "दुसरं तरी माझं माणूस असू दे," त्या म्हणाल्या. रजिस्ट्रार ऑफिसात गर्दी होती. दादाने आम्हा दोघींसाठी खुर्च्या धरून ठेवल्या होत्या. बाटलीतलं पाणी आधी ताईला दिलं. कारकुनाने विचारलं, "स्वखुशीने सोडताय ना? दबाव वगैरे?" टीचरनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर काहीतरी आलं असावं, कारण त्या हळूच म्हणाल्या, "तुला बोलायचं नाही. फक्त उभं राहायचं." मग कारकुनाला म्हणाल्या, "स्वखुशीने." सही त्यांनी इंग्रजीत केली, आमच्या प्रगतिपुस्तकांवर करायच्या तशी, लफ्फेदार.

बाहेर वहिनींनी त्यांच्या हातात साडी आणि नारळ ठेवला. हिस्सा सोडणाऱ्या बहिणीला साडी देतात, तशी रीतच आहे. हिरवी साडी, रुंद नारिंगी काठ. दादाने बहिणीच्या पाया पडून डोळे पुसले. टीचर मला घेऊन सरळ शाळेत आल्या. पेटी उघडून साडी घडीसकट आत ठेवली आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी राजकन्येला होईल."

पावसाळ्याआधी बावखल बुजवलं. डंपर आले, डबर पडलं, दोन दिवसांत तळ्याच्या जागी सपाट जमीन झाली. बिल्डिंग उभी राहिली. टीचरची खोली पहिली होती, ती पुतण्याच्या लग्नात पुतण्याला गेली. नवीन सून, तिला वेगळं हवं होतं. मग 'दुसऱ्या विंगमध्ये देतो' असं झालं. दुसरी विंग झालीच नाही. कोणी त्यांना जा म्हटलं नाही. फक्त त्यांचं अंथरूण हॉलमध्ये आलं आणि टीव्ही बंद होईपर्यंत त्यांना बसून राहावं लागायचं. रिटायर झाल्यावर त्यांनी वालीवला एका चाळीत खोली घेतली, भाड्याने. शेजारी पत्र्याच्या गाळ्यांमधून दिवसभर मशीनचे ठोके.

तिथे मी जायचे. एकदा धीर करून विचारलं, "टीचर, तुम्ही सही का केलीत?"

त्या शेंगा सोलत होत्या. "राणीच्या समोर इंग्रज होते, बाई. माझ्यासमोर दादा होता, पाण्याची बाटली घेऊन." सोललेले दाणे ताटलीत टाकून म्हणाल्या, "आणि मी काय सांगणार होते? की माझा तुझ्यावर विश्वास नाही, मला कागद हवा? वर्गात सांगता येतं. घरात असं बोलणाऱ्या बाईला जेवायला वाढतात, पण तिच्याशी कोणी बोलत नाही. मला माणसं हवी होती."

त्या खोलीत तेव्हा आम्ही दोघीच होतो. मी हे बोलून दाखवलं नाही. त्यांना ते माहीत होतं.

तिथेच त्या गेल्या. दादाने त्यांना उमेळ्याला नेलं, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये ठेवलं, बहुधा बावखल होतं तिथेच. तो इतका रडला की दोघांनी धरून ठेवावं लागलं. ते रडणं खोटं नव्हतं. खोटं असतं तर मला बरं वाटलं असतं. निदान कोणावर रागवायचं ते कळलं असतं. गावातल्या बायका म्हणत होत्या, "भाऊ असावा तर असा."

दोन वर्षांनी शेजाऱ्यांच्या मुलीसाठी मी शाळेच्या गॅदरिंगला गेले. 'इतिहासातील थोर स्त्रिया' अजून होतं. राजकन्या नव्हती. नव्या टीचर म्हणाल्या, "तिने काही केलंच नाही ना, म्हणून काढली." प्रत्येक स्त्रीच्या हातात तलवार होती, जिने आयुष्यात पुस्तकाखेरीज काही उचललं नव्हतं तिच्याही. शेजाऱ्यांची मुलगी झाशीची राणी होती. हिरवी साडी, रुंद नारिंगी काठ, तिच्या मापाला दुमडून टाचलेली.

कार्यक्रम झाल्यावर ती धावत माझ्याकडे आली. मी खाली बसून तिची सुटलेली पिन लावली आणि विचारलं, "तिच्या नावावर काय होतं गं?"

तिने जराही विचार केला नाही. "तलवार," म्हणाली आणि माझ्यापुढे धरली. पुठ्ठ्याची होती, वर चांदीचा कागद. मुठीपाशी वाकली होती.