कानसेनांचा टर्बो

वहिनींनी कानसेनांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना फक्त कमरेखालचा माणूस दिसला. वरचा अर्धा भाग वहिनींच्या वडिलांच्या घरघरणाऱ्या गाडीच्या बॉनेटखाली होता, आणि तो बाहेर यायला इतका वेळ लागला की तेवढ्यात वहिनींची आणखी एक पदवी झाली असती. शेवटी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावलेला चेहरा वर आला आणि मान न वळवता म्हणाला, "तुमच्या डाव्या चपलेचा खिळा सैल झालाय."

आपल्याकडे इतकं लक्ष कुणी दिलं नव्हतं, म्हणून वहिनींनी लग्न केलं. लक्ष चपलेकडे होतं हे कळायला वर्ष गेलं.

गॅरेजात त्यांना सगळे कानसेनच म्हणत. खडखड, कुरकुर, घरघर, कानसेनांनी जन्मभर आवाजच बंद केले. घरात बिजागरीची कुरकुर करायची प्राज्ञा नव्हती. वहिनींनाही कुरकुर करायची तर गॅलरीत जावं लागे.

लेक टेकडीवर राहायला गेली आणि पंचाईत झाली. म्हातारी गाडी चढाच्या मध्यावर धाप टाके. मग वहिनींनी उतरायचं आणि दुखरा गुडघा धरून चालत वर जायचं.

"अहो, मला एकदा तरी तिच्या दारात गाडीतून उतरायचंय," वहिनी म्हणाल्या. "आत्ता मीच गाडीला पोचवायला जाते."

"टर्बो बसवतो. सध्या इंजिन स्वतःच्या नाकाने ओढेल तेवढीच हवा घेतं. टर्बो म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो हवा कोंबतो."

"तुमच्या आत्याबाई वाढतात तसा."

"तसाच. म्हणून पेट्रोल वाढवायचं आणि इंजिनाच्या हेडखाली जाड गॅस्केट घालायची. नाहीतर पोट फुटेल."

चार महिने खपून त्यांनी टर्बो बसवला. सपाट रस्त्यावर गाडी अशी उधळली की वहिनींनी डॅशबोर्ड धरला. कानसेन मात्र सुतकी चेहऱ्याने परतले. गाडी शिट्टी वाजवत होती.

जोरात फिरणारा टर्बो शिट्टी घालायचाच, पण ती कानसेनांना गळती वाटली. त्यांनी पाइपन् पाइप साबणाच्या पाण्याने माखला. बुडबुडा म्हणून आला नाही. शेवटी पंख्याला बगल देऊन धूर सोडणारी एक झडप असते, तिची दांडी त्यांनी सैल केली. शिट्टी गेली. कानसेन त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

रविवारी चढाच्या मध्यावर गाडी नेहमीच्या जागी थांबली.

"शिट्टी कुठे गेली?" वहिनींनी विचारलं.

"घालवली."

"आणि जोर?"

कानसेनांनी उतरून बॉनेट उघडलं. "शिट्टीबरोबर गेला वाटतं."

"मग परत बोलवा. मी उतरणार नाही."

त्यांनी दहाचा पाना काढला, दांडी आवळली, आणि वहिनींनी पर्समधला कापूस काढून त्यांच्या दोन्ही कानांत कोंबला. आता इंजिन ऐकायचं काम वहिनींकडे आलं. रडायला लागलं की त्या नवऱ्याच्या गुडघ्यावर चापट मारत आणि कानसेन गिअर उतरवत. टेकडीभर शिट्टी घुमली. माणसं खिडक्यांत आली.

लेकीच्या दारात वहिनी गाडीतून उतरल्या, अगदी सावकाश, शेजारपाजारच्यांना नीट दिसेल असं.

"बरं झालं आलात," लेक म्हणाली. "पुढच्या महिन्यात आम्ही खाली राहायला येतोय. तुमच्या मागच्याच गल्लीत."