पन्नास वेळा लिहिलेलं नाव

"यांना जुनं बरंचसं आठवेल. नवं राहणार नाही." एमआरआयची फिल्म उजेडाला धरून डॉक्टर एवढंच म्हणाले. मला सातवा महिना होता. मी विचारलं, "म्हणजे बाळ झालेलं कळणार नाही?" त्यांनी फिल्म खाली ठेवली. "कळेल. पण टिकणार नाही."

माझे मिस्टर दत्ता वाळूजच्या एका कारखान्यात लेथवर होते. आम्ही बजाजनगरात राहतो. आधी चार दिवस ताप आणि डोकेदुखी. पाचव्या दिवशी सकाळी ते मला विचारायला लागले, "तुमचं गाव कोणतं?" मला थट्टा वाटली. मी रागानं भाकरी थापत राहिले. दुपारी त्यांना फिट आली. तुमच्या घरी तापात माणूस असं वेगळं बोलायला लागला तर थट्टा समजू नका, लगेच दवाखाना गाठा. त्या सकाळबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासलं. आजार निघाला हर्पिस एन्सेफलायटिस, म्हणजे विषाणूमुळे मेंदूला आलेली सूज. तीन आठवडे सलाइनमधून औषध चाललं. जीव वाचला, हिप्पोकॅम्पस गेला. हा मेंदूतला खोलवरचा भाग. पाहिलेलं, ऐकलेलं कायमचं राहील अशा रीतीनं साठवायचं काम त्याच्याकडं असतं. त्याला डॉक्टर एन्कोडिंग म्हणतात. ते झालं नाही तर गोष्ट ऐकू येते, समजतेही, पण लक्ष दुसरीकडं गेलं की पुसली जाते.

भार्गवी झाली तेव्हा तिला हातात घेऊन हे रडले. नर्स तिला लस द्यायला घेऊन गेली. परत आणली तर म्हणाले, "लई गोड हाय पोरगी. कोणाची?"

बारशाला नणंदेनं बाळाच्या कानात नाव सांगितलं. सासूबाई पाचोडहून आल्या होत्या. त्यांनी तेच नाव लेकाच्याही कानात सांगायला लावलं. "पाढे असेच पाठ केले व्हते त्यानं. घोकून घेतलं की बसतंय डोक्यात." मलाही पटलं. दुरेघी वही आणली. रोज पन्नास वेळा भार्गवी लिहायचं, मोठ्यानं वाचायचं. हे बिचारे निमूट लिहायचे. सहा महिन्यांत वह्यांची चळत झाली. एकदा पान संपवून त्यांनी मला विचारलं, "हे कोणाचं नाव लिहायलोय मी?"

मी वही भिंतीवर फेकली आणि नको नको ते बोलले. ते घाबरून सासूबाईंच्या मागं जाऊन उभे राहिले. थोड्या वेळानं काय झालं होतं ते त्यांना आठवत नव्हतं, पण दिवसभर ते माझ्याजवळ आले नाहीत. भीती तेवढी राहिली होती.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "परीक्षा घेऊ नका. आपण चुकतोय एवढंच त्यांना कळतं आणि जीव कासावीस होतो. हातांची सवय मेंदूत वेगळ्या जागी असते, ती शाबूत आहे. मुलीला त्यांच्याजवळ बसू द्या." बाहेरच्या बाकावर मी खूप रडले. आशा म्हणून जे काही होतं ते तिथं संपलं. त्या वेळी कोणी मला धीर धर म्हटलं असतं तर मी त्याच्या अंगावर गेले असते.

भार्गवी आता चार वर्षांची आहे. रोज सकाळी हे तिला पाहुण्यांची पोर समजतात, आणि पाहुण्यांच्या पोरीला करून द्यावी तशी कागदाची भिंगरी करून देतात. लहानपणी शिकलेल्या घड्या, बोटं चुकत नाहीत. कागद त्याच वह्यांचे. त्या रद्दीत घालायचा मला धीर झाला नव्हता.

देवाचे आभार मानायला माझं मन होत नाही. डॉक्टरांचे मानते, त्यांनी खोटं सांगितलं नाही. यांच्या डोक्यात मुलगी बसवायचं मी सोडून दिलंय. आता घोकून घेते ते मुलीकडून. भिंगरी कोणी केली? पप्पांनी. तिच्या तरी डोक्यात ते राहावेत.

परवा तिनं स्वतः भिंगरी केली, जरा वाकडी, आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी फुंकर मारली. ती फिरली.

"कोणी शिकवली गं तुला?"

"तुम्हीच की, पप्पा."

ते माझ्याकडं बघून हसले. "थट्टा करायलीय पोरगी."

भार्गवीनं वहीतलं पुढचं पान फाडलं.