चपला गिरणीत, घर पुढं

आमच्या कॉलनीतली चार माणसं जमली की गप्पा घराच्या होतच नाहीत, चिखलाच्या होतात! पंच्याण्णवच्या आसपास आम्ही बारामतीत नवं घर घेतलं, तेव्हापासूनचा माझा चिखलाच्या किश्श्यांचा साठा अजून संपलेला नाही.

बिल्डरनं किल्ली दिली, पेढे दिले. रस्ता आणि गटार? "ते नगरपालिका करणार, वहिनी." नगरपालिकेत गेलं की, "आधी बिल्डरनं करून आमच्या ताब्यात द्यायचं, मग आम्ही बघणार." दोघं इतकं गोड बोलायचे की भांडायचीसुद्धा चोरी!

*

रिक्षावाले कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशीच उतरवायचे. मग गिरणीवाल्या आबांनी भिंतीत घरटी एक खिळा ठोकला. गावात जाताना चिखलाच्या चपला पिशवीत घालून तिथं अडकवायच्या आणि चांगल्या घालायच्या. येताना उलटं. पाहुणे विचारायचे, "हितं देवस्थान हाय का काय?"

*

शेजारचे तात्या अंथुर्णे गावचे शेतकरी, पोरांच्या शाळेसाठी आलेले. उसाला पाणी देऊन देऊन हात बसलेला. गटार नाही म्हटल्यावर त्यांनी खोऱ्यानं चर काढला आणि सगळ्यांच्या मोऱ्यांना नंबर लावून दिले! सकाळी ओरडायचे, "वहिनी, धुणं थांबवा, आता पाणी सरांचं हाय!" सगळं पाणी त्यांच्या केळीला. केळी मात्र झकास आल्या हं.

*

सर म्हणजे पलीकडचे सोनवणे सर. त्यांची सुनंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि सरांची झोपच उडाली. "पोर या चिखलात घसरली तर?" रोज नगरपालिकेत जाऊन बसायचे.

शेवटी एक साहेब पाहणीला आले. जीप रुतली! तात्यांनी ट्रॅक्टर लावला. साहेब खाली उतरले, तर बूट चिखलातच राहिला. आबा गिरणीतून ओरडले, "साहेब, कुणाच्या खिळ्यावरच्या देऊ?"

सरांच्या चपला घालून साहेबांनी सगळी कॉलनी बघितली. मग बिल्डरला बोलावणं गेलं, गटाराचे पाईप आले, मुरूम पडला, रोलर फिरला आणि नगरपालिकेनं रस्ता ताब्यात घेतला. मला तर रडूच आलं.

*

सुनंदाला मुलगी झाली. दवाखान्यातून येताना सरांनी सवयीनं रिक्षा गिरणीपाशी थांबवली, उतरले आणि चपला बदलायला लागले.

रिक्षावाला म्हणाला, "अहो सर, बसा की! दारात सोडतो."

सर चिखलाच्या चपला घालूनच परत रिक्षात बसले!

तेवढ्यात आबा पीठ झटकत बाहेर आले. "सर, नातीसाठी बारका खिळा ठोकून ठिवलाय बघा, तुमच्याच खाली."

सरांनी सुनंदाच्या मांडीवरच्या बाळाकडं बघितलं.

"उपटा तो खिळा, आबा! आमची नात दारात उतरणार."