हसत वाजत नाही

बाथशेवाबाई किहीमकर आणि मी टोरोंटोच्या एकाच हॉस्पिटलात कामाला होतो. त्या लाँड्रीत, मी बॉयलर आणि पाइपांवर. सव्वीस वर्षांत त्यांच्या हातची एकही चादर वाकडी दुमडलेली मी पाहिली नाही.

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी ट्रम्पेट हातात घेतलं. शिकवायला शेजारची म्हातारी ग्वेन. महायुद्धात पुरुष वादक सैन्यात गेले, तेव्हा नाचाच्या हॉलांत बायकांचे बँड स्विंग जॅझ वाजवू लागले. ग्वेन त्यातल्याच एकात होती, सतरा वर्षांची. पुरुष परतले आणि बायकांची कामं आटली. ग्वेन सांगायची, मॅनेजर पडद्याआडून बोटांनी स्वतःचे ओठ ताणून दाखवायचा. हसा! जी हसली नाही ती मागच्या रांगेत.

ग्वेन गेली. बाथशेवाबाईंचा बेसमेंटमधला रोजचा दीड तास चुकला नाही. टोरोंटोजवळच्या रिचमंड हिलच्या बायकांच्या बँडमध्ये अकरा वर्षं त्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या ट्रम्पेटवर होत्या. यंदा, एकाहत्तराव्या वर्षी, पहिल्यांदा एकटीने वाजवायचा तुकडा मिळाला. एके काळी ग्वेन वाजवायची तोच. कार्यक्रमही त्या जुन्या बँडांवरचाच होता.

रंगीत तालमीला मी खुर्च्या लावायला गेलो होतो. त्यांचा तुकडा संपला आणि कार्यक्रमाचा संयोजक नंदन पुढे आला.

“आँटी, जरा स्माइल करा ना. व्हिडिओत फार अँग्री दिसता. जुन्या फोटोंत बघा, सगळ्या कशा हसतायत!”

“फोटोत त्या वाजवत नाहीयेत, बाळा.”

“मग सोलो गौरांगीला देऊ या का? पियानोवर हसता येतं.”

बाथशेवाबाईंचे कान लाल झाले. त्यांनी रुमालाने ट्रम्पेटचं तोंड पुसलं आणि ते नंदनपुढे धरलं.

“घे. हसत फुंक.”

त्याने ओठ ताणून फुंकलं. दोन्ही कोपऱ्यांतून नुसती हवा गेली. पुन्हा जोर लावला, तर थुंकी शर्टावर.

“वॉशर गेलाय,” मी म्हणालो.

बँड खो खो हसला. पियानोवरून गौरांगी म्हणाली, “नंदनदादा, मला नको तो तुकडा. मी आठ तासांची शिफ्ट करून येते. हसायला मलाही जमणार नाही.”

नंदनने शर्ट पुसला. “ओके आँटी. जशा आहात तशाच वाजवा.”

रविवारी हॉल भरला होता. बाथशेवाबाई उभ्या राहिल्या. भुवया आवळलेल्या, मानेची शीर तट्ट, कानामागून घाम. चाळीस सेकंदांचा तुकडा. संपला तेव्हा लोक उभे होते.

मागे आल्यावर त्यांनी विचारलं, “कसं झालं, रविकांतभाऊ?”

“शेवटचा वरचा सूर जरा फाटला.”

“ठाऊक आहे,” त्या ट्रम्पेट पुसत म्हणाल्या. “उद्या सकाळी आधी तोच घेते.”