धरणाखाली वस्ती नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. निवृत्तीच्या सत्कारात एकानं भाषण ठोकलं, साहेबांच्या कामात बोट ठेवायला जागा नव्हती म्हणून — आणि मी गळ्यातला हार सावरत हसलो. काय निर्लज्ज हसू होतं ते!

फुलसावंगीच्या पलीकडं मातीचं एक लहान धरण आहे — होतं. त्याची तपासणी माझ्याकडं. धरणाचा धोक्याचा वर्ग ठरवताना आधी एकच पाहायचं असतं: ते फुटलं तर खाली कोण आहे? माणसं असतील तर वरचा वर्ग. म्हणजे वरिष्ठांच्या फेऱ्या, इशाऱ्याची यादी, पाणी चढलं की पहिला फोन त्या वस्तीला. कुणीच नसेल तर खालचा वर्ग. यात न कळण्यासारखं काय आहे?

खाली तांडा होता. बंजाऱ्यांची वीस-पंचवीस घरं. पण आमची तपासणी दिवाळीनंतर, आणि तोवर सगळा तांडा ऊस तोडायला गेलेला. दारोदार कुलपं. सरकारी नकाशात तांड्याचं नावही नव्हतं. एका ओट्यावर मात्र धेनीबाई बसली होती, शेळ्या राखायला मागं राहिलेली म्हातारी. तिनं मला तांब्याभर पाणी दिलं, हातातला कागद पाहिला आणि म्हणाली, "कुलपं पाहून जाऊ नोको, बापू. पावसायात सारे इथंच रायतेत. लिहून घे."

लिहून घे! शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला कळलं ते मला कळत नव्हतं? धरण पावसाळ्यात भरतं, माणसंही पावसाळ्यात घरी असतात — चांगलं कळत होतं. पण आदल्या वर्षीचा कागदही मीच भरलेला, जीपमधून खाली न उतरता. आता वर्ग वाढवला तर साहेब विचारणार, तेव्हा काय झोपला होतास? तेवढ्या एका प्रश्नाला घाबरून मी लिहिलं — खाली वस्ती नाही. सहीही झोकात केली.

पुढं एका पावसाळ्यात भरावाला भगदाड पडलं. यादीतल्या गावांना फोन गेले. तांड्याला कोण करणार? दुपारची वेळ, बाकीचे शेतात होते म्हणून वाचले. धेनीबाई घरी होती. तिसऱ्या दिवशी ती नाल्यातल्या बाभळीला अडकलेली सापडली.

वाटेल, निदान तेव्हा तरी मी तोंड उघडलं असेल. उघडलं ना! चौकशीत विचारलं, हा तांडा आला कुठून? मी म्हणालो, तपासणीच्या वेळी नव्हता साहेब, नंतर वसला असेल. त्या एका वाक्यानं पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहिलेली माणसं अतिक्रमणवाली ठरली. त्यांना दुसरीकडं घरं मिळायची होती, तीही गेली. धेनीबाईचा मुलगा कचेरीत येऊन ओरडला, "आमी काल आलो काय? माहा आजा त्याच लिंबाखाली मेला!" शिपायानं त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. मी फाईल चाळत राहिलो.

नकाशावर, साहेबांवर, सगळ्या कारभारावर चिडून पाहिलं. राग येतो, खूप येतो — आणि फिरून माझ्याच सहीपाशी येऊन थांबतो. नकाशा तांड्यात गेला नव्हता. मी गेलो होतो.

तांडा नंतर वसला नव्हता. तिथलं पाणी मी प्यायलो होतो.