वाळूक आणि दही

शहरात मुकुंदवाडीतलं माझं दोन खोल्यांचं घर गावाकडच्या माणसांनी फार पूर्वीच आपलं मानून टाकलेलं आहे. कुणाची कोर्टात तारीख असते, कुणाचा भरतीचा पेपर, कुणाला दाढ काढायची असते. देवगाव रंगारीकडून निघालेला माणूस आधी माझ्या दारात चपला काढतो आणि मग आपल्या कामाला जातो. मी मशीनवर ब्लाऊज शिवत बसलेली असते. "चालू द्या तुमचं, आमी बसतो," म्हणतात आणि मी बेतून ठेवलेल्या कापडावरच बसतात.

त्यामुळं धाकटा भाऊ, भावजय आणि आई दारात उभी राहिली, यात नवल काही नव्हतं. नवल होतं ते भावजयीच्या पदराखाली. तीन महिन्यांची पोर. भर उन्हाळ्यात, पत्र्याच्या घरात, पंख्याखाली बसूनही भावजयीनं पदर काढला नाही. पोरीचा वरचा ओठ जन्मापासून दुभंगलेला होता, थेट नाकपुडीपर्यंत. गावात कुणी बघायला आलं की भावजय म्हणायची, आत्ताच झोपली. त्या हिशेबानं ती पोर जन्मल्यापासून झोपलेलीच होती.

"गिरानात हिनं वाळूक चिरल्तं," आईनं पाणी पिण्याआधी मला सांगितलं.

हे मला फोनवर ऐकून ऐकून पाठ झालेलं होतं. भावजयीला तेव्हा दिवस गेलेले होते, दुपारी ग्रहण लागलं होतं, घरात सगळे नियम पाळून बसलेले होते, आणि हिला भूक लागली. हिनं विळी घेतली, काकडीसारखं एक वाळूक चिरलं, मीठ लावून उभ्या उभ्या खाल्लं. आईच्या मते त्याच क्षणी पोटातल्या लेकराचा ओठ चिरला गेला. ही हकिगत आईनं सोयऱ्यांना, दूधवाल्याला आणि त्या दिवशी एसटीच्या कंडक्टरलाही सांगितलेली होती. भावजय शेजारीच बसून ऐकायची. वाळूक खाल्लं होतं, त्यामुळं नाही म्हणायची सोय नव्हती.

ओठाचं ऑपरेशन शहरात होतं आणि त्याला पैसे लागत नाहीत, हे अंगणवाडीच्या ताईंनी घरी येऊन सांगितलं होतं. माझ्या भावाला तेच खटकत होतं. चार शेळ्या-मेंढ्या राखायच्या आणि उरलेले दिवस दुसऱ्याच्या रानात रोजानं जायचं, असा त्याचा संसार. पण बाजारात बोकडाची घासाघीस करून करून त्याला फुकट या शब्दाचाच वास येतो.

"अक्का, फुकट करतेत म्हंजी शिकाऊ पोरं हात साफ करत असतील," तो म्हणाला.

"मग तू पैसे द्यायचे म्हण. आहेत का?"

त्यानं चहाची बशी तोंडाला लावली आणि विषय तिथंच संपला.

दवाखान्यात ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाई भेटल्या. वयानं माझ्यापेक्षाही लहान, बोलायला शांत. त्यांनी पदर बाजूला करायला सांगितला आणि पोरीच्या गालाला बोट लावलं, तर पोर चक्क हसली. दुभंगलेला ओठ दोन्हीकडं पसरला आणि हसू पार कानापर्यंत गेलं. मी तिला हसताना पहिल्यांदाच बघत होते. जिनं हे हसू इतके दिवस एकटीनंच बघितलं, तिच्याकडं बघायची मला हिंमत झाली नाही.

आईनं अर्थातच वाळकाची हकिगत सांगितली. डॉक्टरीणबाईंनी मधे न बोलता ऐकून घेतली.

"आजी, वाळकाचा काही संबंध नाही," त्या म्हणाल्या. "पोटात वाढताना ओठ जुळायचा राहून जातो. कुणाच्याही लेकराला होऊ शकतं. ग्रहण कडक पाळणाऱ्यांच्या घरीसुद्धा होतं."

"व्हय का," आई म्हणाली आणि बाहेर आल्यावर मला म्हणाली, "शिकलेली हाय, पण तरणी हाय अजून."

पोरीचं वजन भरत नव्हतं. अंगावरचं दूध तिला नीट ओढता यायचं नाही. उभं धरून, बोंडल्यानं थोडं थोडं पाजा, वजन वाढलं की तारीख देऊ, असं सांगून आम्हाला परत पाठवलं. पुढचे दोन-अडीच महिने भावजयीनं दुसरं काही केलंच नाही. बोंडल्याची चोच गालाच्या कडेनं आत सरकवायची, घोट गिळला की थांबायचं, ढेकर काढायची, पुन्हा सरकवायची. भावानं आपल्या परीनं हातभार लावला. बोकड तोलायच्या काट्याला झोळी अडकवून तो दर बाजाराच्या दिवशी पोरीला लटकवायचा आणि मला फोन करायचा. आवाजात असा तोरा, की गिऱ्हाईक समोर उभं आहे असं वाटावं.

एकदाची तारीख मिळाली. आदल्या दिवशी सगळी माझ्याकडं मुक्कामाला आली. पहाटेनंतर लेकराच्या पोटात काही जाता कामा नये, पाण्याचा थेंबही नाही, हे दवाखान्यानं सांगितलं होतं, मीही सांगितलं, आणि भावानं तर ते इतक्या वेळा सांगितलं की त्याच्याच पोटात काही गेलं नाही.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. महत्त्वाच्या कामाला निघालेल्या माणसाच्या हातावर आई दही-साखर ठेवते. ते चाटल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. मला दहावीला दोनदा दिलं होतं. दही दोन्ही वेळा चांगलं लागलं होतं.

दवाखान्यात भाऊ चहाला म्हणून गेला. आत सह्या करायला बोलावलं म्हणून भावजय पोरीला आईच्या मांडीवर देऊन माझ्याबरोबर आली. परत आलो तेव्हा भुकेनं रडरड रडणारी पोर गप्प झाली होती. शेवटी आजीची मांडी ती आजीची मांडी, असं मला वाटलं.

भावजयीनं पोरीला पुन्हा पदराखाली घेतलं, तोच सिस्टर तिला न्यायला आल्या. पदर बाजूला केला आणि वाकून बघत राहिल्या. ओठाच्या फटीत काहीतरी पांढरं होतं आणि त्यात साखरेचे दोन दाणे अजून विरघळायचे होते.

"हे दही आहे?" सिस्टरनी विचारलं. "कुणी चारलं?"

आई वरच्या पंख्याकडं बघू लागली. पंखा बंद होता.

"म्या," भावजय म्हणाली. "म्या चारलं."

मी तिच्याकडं बघतच राहिले. आत जाताना, बाहेर येताना ती माझ्याच शेजारी होती. माझं तोंड उघडलं तोच तिनं माझं मनगट असं धरलं, की बांगडी रुतली.

मग ऐकून घ्यायचं ते तिनं ऐकून घेतलं. सिस्टर बोलल्या. भूल देणारे डॉक्टर आले आणि त्यांनी नीट समजावलं, की पोटात काही असताना भूल दिली आणि ते उलटून छातीत गेलं तर लेकरू हातचं जातं. आज कळलं हे नशीब समजा. तारीख पुढं गेली. ते गेल्यावर, चहाहून परत आलेला भाऊ सुरू झाला. अक्कल गावी ठेवून आलीस का, एवढे दिवस काय सांगत होतो, रोजावर पाणी सोडून कशाला आलो. चार माणसांत त्यानं बायकोला पार धुऊन काढलं. ती पोरीच्या ओठातलं दही पदराच्या टोकानं पुसत राहिली. आई बाकाच्या टोकाला अंग चोरून बसली होती. लेकरू हातचं जातं, हे ऐकल्यापासून तिच्या चेहऱ्यावर रंग नव्हता.

मला तिघांचाही राग आला. सगळ्यात जास्त भावजयीचा.

घरी आल्यावर आई मोरीत बसून आपली स्टीलची डबी घासत होती, तेव्हा मी मशीनवर हात ठेवून भावजयीला हळूच विचारलं, "कामून घेतलंस गं अंगावर?"

"त्यांनी वाईटासाठी दिलं व्हतं का?" ती म्हणाली. "म्हातारं माणूस. परक्या लोकांनी चारचौघांत बोललं असतं तर त्यांना सोसलं नसतं. मला काय, मला सवय हाय."

त्या शेवटच्या दोन शब्दांनी मला संध्याकाळभर काही सुचलं नाही. एका गिऱ्हाइणीचा गळा मी दोन इंच खोल कापून ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती सगळी गावी गेली आणि दुपारी भावाचा फोन आला. काळजीत होता.

"अक्का, आईला बरं नसंल का? कंडक्टरसंगं एक शबुद बोल्ली नाय."

पुढच्या तारखेला आई पुन्हा तीच डबी घेऊन आली. भावानं ती पिशवीत बघितली आणि पहाटेपासून पिशवी आपल्या काखेत धरून ठेवली. दवाखान्यात पोरीला तर त्यानं कुणाच्या मांडीवर जाऊच दिलं नाही. डॉक्टरीणबाई ऑपरेशनच्या आधी पोरीला बघायला आल्या, तेव्हा आईनं भावाच्या काखेतून पिशवी ओढून घेतली आणि डबी उघडली. सिस्टर धावल्या. भाऊ म्हणाला, "आई!"

"गप रे," आई म्हणाली. "लेकराला नाय. लेकरू काय करणार हाय आत जाऊन? झोपणार हाय. कामाला निघाल्या ह्या. बाई, हात करा पुढं."

डॉक्टरीणबाईंनी सिस्टरकडं बघितलं, मग आईकडं. आणि उजवा हात पुढं केला. आईनं तळहातावर दही ठेवलं, वर साखर ठेवली. त्यांनी ते आमच्यासमोर चाटून खाल्लं.

"गोड आहे आजी," त्या म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

भाऊ त्या दिवशी किती वेळा दरवाज्यापर्यंत गेला आणि परत आला, ते त्यालाच ठाऊक. पोरीला बाहेर आणलं तेव्हा ओठाला बारीक टाके होते. टाक्यांना हात लावू नये म्हणून दोन्ही हातांना कोपरापाशी कडक पट्ट्या बांधल्या होत्या, त्यामुळं ती क्रांती चौकात वाहनं अडवणाऱ्या पोलिसासारखी दिसत होती. भाऊ हसत होता आणि डोळेही पुसत होता. भावजय मात्र बघतच राहिली, आणि एकदम रडायला लागली.

"दुखत नाही तिला, औषध दिलंय," सिस्टर म्हणाल्या.

"तसं नाय," ती म्हणाली. "हिचं ते हसू गेलं."

तिचं म्हणणं मला कळलं. त्या हसण्यासाठीच तर ती सहा महिने जागली होती. दोन-तीन आठवड्यांनी टाक्यांचा लालपणा ओसरला तेव्हा पोर पुन्हा हसली. हे हसू आधीपेक्षा लहान होतं आणि एका बाजूला जरासं कलतं. भावजयीनं मला व्हिडिओ पाठवला, आणि मग तोच व्हिडिओ दिवसभर पाठवत राहिली.

बारसं एवढे महिने अडून होतं. ओठ नीट होईपर्यंत पाळण्यापाशी बायका बोलवायच्या नाहीत, असं आईनंच ठरवलं होतं. आता तिनंच सगळ्या आळीला बोलावणं धाडलं. कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणून मी नवी साडी नेसून गेले. पोर पाळण्यात उताणी पडून आल्यागेल्याला न्याहाळत होती, आणि भावजयीचा पदर पहिल्यांदाच नुसता खांद्यावर होता.

बायका वाकून वाकून बघत होत्या. रेघ दिसती व्हय जराशी, नाय गं, दिसत बी नाय, असं चाललं होतं. तेवढ्यात शेजारच्या म्हाताऱ्या काकूंनी सुस्कारा सोडला.

"झालं बाई नीट. पर गिरान पाळलं असतं तर लेकराला हे भोगावंच लागलं नसतं. वाळूक काय पळून चाललं व्हतं का?"

दोघी-तिघी हसल्या. भावजयीनं मान खाली घातली. तिचा हात सवयीनं पदराकडं गेला.

"वाळूक म्या चिरल्तं," आई म्हणाली.

काकूंनी पाळण्यावरून मान वर केली.

"तूच तर सांगत व्हतीस, सुनंनं चिरलं म्हून," काकू म्हणाल्या.

"सांगत व्हते. खोटं सांगत व्हते. ही आत झोपली व्हती, भूक मला लागल्ती. इळी माझ्या हातात व्हती. लेकराच्या ओठाचा आन् वाळकाचा काय संबंध नाय, व्हतं कुणाच्या बी लेकराला. डाक्टरीणबाईंनी सोता सांगितलंय मला."

माझ्या आईनं आयुष्यात एक ग्रहण मोडलेलं नाही. ग्रहण सुटेपर्यंत ती आवंढासुद्धा विचार करून गिळते. काकूंनाही हे माहीत होतं, पण आईच्या तोंडावर ते बोलायची छाती आळीत कुणाची नव्हती.

भावजय मात्र पुढं सरकली. "नाय, तसं नाय," असं काहीतरी ती बोलू लागली. आईनं पाळण्याची दोरी माझ्या हातात दिली आणि तिच्याकडं न बघता, आम्हा दोघींनाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "दही तू चारलंस, वाळूक म्या चिरलं. आता गप बस."

भावजय गप बसली. मी पाळण्यात वाकले, आणि काय नाव सांगायचं ठरलं होतं ते क्षणभर मला आठवेचना.