आमच्या पडवीतली बाळंतीण

माझं माहेर शहापूरचं. वडील प्राथमिक शाळेत मास्तर, म्हणून मला सातवीपर्यंत शिकायला मिळालं. लग्न मात्र मुरबाड तालुक्यात झालं, टोकावड्याहून घाटाच्या अंगाला आत गेलेल्या एका गावात, भातशेतीच्या घरात. चिखलात उभं राहून रोप कसं लावायचं ते मला मोठ्या जावेनं शिकवलं. तिला मी बाय म्हणायचे. मला शेतातलं काही येत नाही याचं तिला फार हसू यायचं. "मास्तरची पोर ही," ती बांधावरच्या बायांना ओरडून सांगायची, "हिला पाटीवर रोप लावायला द्या!"

तिचं तिसरं बाळंतपण ऐन आवणीत, भाताची रोपं लावायच्या दिवसांत आलं. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती शेतात वाकलेली होती. सकाळी कळा सुरू झाल्या, सासूनं गावातल्या सुईणीला बोलावलं आणि दुपारच्या आत मुलगी झाली. सुईणीच्या हातावर निम्मं गाव जन्मलेलं. पण या वेळी मूल आलं आणि वार पडेना. तिनं पोट चोळलं, उमासा येऊन वार सुटेल म्हणून बायच्याच वेणीचं टोक तिच्या तोंडात घातलं. वार सुटली नाही आणि रक्त थांबलं नाही. खालचं गोणपाट मी बदलत होते, परसात नेऊन धूत होते, पुन्हा आणून घालत होते.

सुईण हात पुसत उठली. सासूला म्हणाली, "आता माझ्या हातचं नाय. मुरबाडला न्या."

बैलगाडी त्या चिखलात चालली नसती. चौघांनी बायला खाटेसकट उचललं, वर पावसाला आडोसा म्हणून इरली धरली. मी बरोबर निघाले. टोकावड्याची सडक गाठायची तर मध्ये नदी. आम्ही काठाला पोचलो तेव्हा पाणी फुगून दोन्ही काठांच्या वर आलेलं. मोठे दीर म्हणाले, "उतरेल. जरा थांबू." खाट एका झाडाखाली टेकवली. बायला हुडहुडी भरली होती. मी माझ्या अंगावरचं कांबळं तिच्यावर घातलं.

"पोर रडली का गो?" तिनं विचारलं.

"रडली. चांगली मोठ्यानं रडली."

"पानी उतरलं?"

"उतरतंय."

मी तिचा हात धरून बसले होते, आणि तो माझ्या हातात गार झाला. पाणी उतरलं तेव्हा तिला पलीकडे न्यायचं कारण राहिलं नव्हतं. त्याच खाटेवरून आम्ही तिला घरी आणलं.

पोर माझ्या पदरात आली. मला तेव्हा मूल नव्हतं. शेळीचं दूध पाणी घालून, कापसाची वात करून तिच्या तोंडात पिळायचे, पण ते तिला पचेना. आठवड्याभरात तिची कातडी सैल पडली, रडणंही बारीक झालं. तेव्हा सासूनं ओढ्यापलीकडच्या कातकरवाडीतल्या एका बाईला बोलावणं धाडलं. ती आमच्याकडे आवणीला येणारी. तिचं तान्हं मूल त्याच पावसात गेलं होतं.

ती आली आणि मागच्या दाराशी उभी राहिली. सासूनं पोरीला गोधडीत गुंडाळून उंबऱ्याबाहेर जमिनीवर ठेवलं आणि चार पावलं मागे सरली. मग त्या बाईनं पोरीला उचललं, भिंतीला टेकून बसली आणि छातीशी धरलं. पोरीला आधी ओढता येईना. ती बाई खालच्या आवाजात तिच्याशी काहीतरी बोलत राहिली. मग पोर प्यायला लागली. पिऊन झाल्यावर तिनं तिला पुन्हा गोधडीवर ठेवलं. सासूनं पोरीवर पाणी शिंपडलं आणि आत घेतलं.

हे रोज चालायचं, सकाळ-संध्याकाळ. ती बाई यायची, पाजायची, सुपात दिलेले तांदूळ पदरात बांधून जायची. ते पाणी शिंपडणं तिच्या डोळ्यांसमोरच व्हायचं. एकदा मी तिला विचारलं, "तुला वाईट नाय वाटत?"

ती म्हणाली, "दूध आतमंदी गेलं ना? मंग वरून कायबी शिपडूं दे."

पोर जगली. कुशीवर वळायला लागली तेव्हा त्या बाईकडे बघून हातपाय नाचवायची. भात कापून झालं आणि कातकरी कोळशाच्या भट्ट्यांवर निघून गेले. तोवर पोरीला शेळीचं दूध पचायला लागलं होतं. पोर काही दिवस मागच्या दाराकडे बघून रडली, आणि विसरली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात गावात नर्सबाई आली. सरकारनं नेमलेली, पण राहायला जागा दिलेली नव्हती. जागा गावानं द्यावी असं ठरलं होतं. एक पत्र्याची ट्रंक, एक कातडी पिशवी आणि कंदील घेऊन ती देवळासमोरच्या पारावर बसली. वय माझ्याएवढंच. नगरकडची होती आणि ख्रिस्ती होती. हे कळल्यावर गावात एकाही घरात खोली रिकामी राहिली नाही. कुणाकडे भात भरलेलं, कुणाकडे पाहुणे येणार होते. ऊन उतरलं तरी ती पारावरच. बाया पाण्याला जाता-येता तिच्याकडे बघत आणि पुढं जात.

सासू पाण्यावरून आली, हंडा उतरवला आणि ओट्यावर बसलेल्या सासऱ्यांना म्हणाली, "आपल्या गाडीच्या पडवीत राहील ती."

सासरे म्हणाले, "लोक काय बोलतील?"

"बोलूं दे. नदीवर खाट घेऊन बसलो तवा कोन आला व्हता बोलायला?"

सासरे उठून शेताकडे गेले. आमच्या घरात एवढी संमती पुरेशी असायची. मी आणि सासूनं मिळून पडवी शेणानं सारवली, एका अंगाला कुडाची भिंत घातली. सासूनं तिला आपल्या चुलीजवळ कधी येऊ दिलं नाही. तिचा हंडा वेगळा, तिची चूल वेगळी. पण दार तिला दिलं.

पहिला पावसाळाभर तिला कुणी बोलावलंच नाही. ती आपण होऊन घरोघर जायची, पोटुशी बाया शोधून त्यांचे डोळे आणि पाय बघायची. बाया दार लोटून घ्यायच्या. सुईणीशी मात्र तिचं जमलं. सुईण थकली होती, हात थरथरायचे. "मी जाते तिथं ये तू बी," ती नर्सबाईला म्हणाली. तशा दोघी मिळून जायला लागल्या. माझा पहिला मुलगा त्या दोघींच्या हातावर आला. मला कळा येत होत्या आणि मला सारखी ती नदी दिसत होती. नर्सबाईनं माझं तोंड आपल्याकडे वळवलं. "वहिनी, माझ्याकडं बघा. दुसरीकडं कुठं बघू नका." वार पडली तेव्हा सासू भिंतीला धरून खाली बसली.

पुढच्या वर्षी ती कातकरीण पुन्हा पोटुशी राहिली. भट्टीवर जाण्याआधी नर्सबाईनं तिला बघितलं आणि बजावलं, "पाय सुजले, डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, की लगेच खाली यायचं. कळांची वाट बघायची नाही."

ती हसली. "मुकादम काय डोली देनार हाय?"

माघ चालू असेल. वाल काढायचे दिवस होते. तिच्या नवऱ्यानं आणि दिरानं तिला झोळीत घालून खाली आणलं. वाटेत तिला झटके आले होते. जीभ चावलेली, तोंडाशी रक्ताचा फेस, चेहरा इतका सुजलेला की मी तिला ओळखलं नाही. हातापायांत कोळशाची काळी भुकटी मुरलेली. ते तिला घेऊन अंगणात थांबले. आत यायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

नर्सबाई म्हणाली, "हिला आता पुढं नेण्यात अर्थ नाही. वाटेत परत झटका आला तर संपेल. हिला पडवीत घ्यायला पाहिजे." आणि ती सासूकडे बघत उभी राहिली.

अंगणाच्या कडेला शेजारपाजारची माणसं जमली होती. सासूनं पदर खोचला. मग म्हणाली, "घ्या आत."

उजेडानं, आवाजानं पुन्हा झटका येतो, म्हणून आम्ही दाराला गोणपाटं बांधून अंधार केला. नर्सबाईनं सुई टोचली. "आवाज करायचा नाही. भांडंसुद्धा आपटायचं नाही," तिनं सांगितलं. सासूनं बैल दुसऱ्या गोठ्यात नेऊन बांधले, पोरांना शेतावर पिटाळलं. तो सगळा दिवस घर मेल्यासारखं गप्प होतं. मी त्या बाईच्या दातांमध्ये कापड गुंडाळलेला चमचा धरून बसले होते. दोनदा ती धनुष्यासारखी वाकली. दुसऱ्या वेळी मला वाटलं, गेली. दिवस कलला तेव्हा मूल बाहेर आलं. मुलगा होता, पुऱ्या दिवसांचा, काळ्याभोर जावळाचा. नर्सबाईनं त्याला उलटं धरलं, पाठ चोळली, तोंडातून वारा फुंकला. फुंकत राहिली. शेवटी सुईणीनंच तिच्या हातातून मूल काढून घेतलं.

ती बाई मात्र वाचली. दुसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले आणि मूल मागितलं. सांगण्याचं काम सुईणीनं केलं. ती रडली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. सासूनं तांदळाची पेज केली, मीठ घातलं आणि स्वतः पडवीत नेऊन दिली.

तिसऱ्या दिवशी तिला दूध आलं. छाती दगडासारखी झाली, ताप चढला. सासूनं ते बघितलं आणि ती घरात गेली. आमची पोर तेव्हा तिसऱ्या वर्षात होती. तिला कडेवर घेऊन सासू पडवीत आली आणि तिनं पोरीला त्या बाईच्या मांडीवर बसवलं. आपल्या हातानं बसवलं, आणि तिथंच उभी राहिली.

बाईनं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. "मोठी झाली गो," म्हणाली. पोरीनं तिच्याकडे बघितलं. सुजलेला चेहरा, फुटलेले ओठ. पोर किंचाळली, तिच्या मांडीवरून सुटली आणि धावत येऊन माझ्या लुगड्यात तोंड लपवून बसली.

"असूं दे, असूं दे," ती बाई म्हणाली. "भ्याली ती." मग कुशीवर वळून तिनं छाती हातानं दाबली आणि दूध जमिनीवर पिळून टाकलं. सारवलेल्या भुईत ते लगेच मुरलं. सासू पडवीतून बाहेर आली ती थेट परसात गेली आणि बराच वेळ तिकडेच राहिली.

ती बाई बरी होऊन गेल्यावर गावानं आमच्याकडे येणं सोडलं. हळदीकुंकवाला बोलावणं नाही, लग्नाला अक्षत नाही. सासऱ्यांना देवळात पंगतीतून उठवलं. ते घरी आले, हात धुतले आणि सासूला म्हणाले, "वाढ." पाटलांच्या सुनेला दोन दिवस कळा येऊन मूल अडलं तेव्हा त्यांनीच नर्सबाईला न्यायला माणूस धाडला. सून वाचली. त्यानंतर लोक पुन्हा आमच्या ओट्यावर यायला लागले.

पडवीत आता बाया येऊ लागल्या. आधी कातकरवाडीतल्या, मग ठाकरवाडीतल्या, मग आमच्यातल्याही. सगळ्या जगल्या असं नाही. दोघींना आम्ही तिथून चादरीत गुंडाळून परत पाठवलं. एकीचं वय पंधराच्या वर नसेल.

ती कातकरीण पुन्हा भट्टीवर गेली, पुन्हा पोटुशी राहिली. दोन वर्षांनी होळीच्या आसपास तिचा नवरा अंगणात येऊन उभा राहिला. हातात काही नव्हतं. नर्सबाई पडवीच्या दारात आली.

"गेली," तो म्हणाला.

"भट्टीवर?"

"नाय. वाटंवर. पाय सुजलं तशी म्हनाली, मी चालले पडवीत. मुकादम मला सोडीना. मंग येकलीच निघाली. मोळीवाल्या बायांना घावली. तुमच्याकडंच येत व्हती, नर्सबाई."

नर्सबाईनं विचारलं, "किती लांबवर आली होती?"

त्यानं घाटाकडच्या जंगलाकडे हात केला. कुठं ते सांगितलं. तिथून आमचं गाव दिसतं.

तिसऱ्या दिवशी नर्सबाई माझ्याकडे येऊन म्हणाली, "वहिनी, ह्या बाया खाली येईपर्यंत मी इथं बसून राहणार असेन, तर मी इथं कशाला आहे? भट्टीची वाट तुम्हाला माहीत आहे का?"

मला माहीत नव्हती. त्या गेलेल्या कातकरणीच्या नवऱ्यानं दाखवली. आम्ही दोघी भाकरी बांधून सकाळीच निघालो. भट्टीपाशी पोचलो तेव्हा धुरानं डोळे उघडेनात. मुकादम म्हणाला, आमच्यात कुणी पोटुशी नाही. नर्सबाईनं त्याच्याशी वाद घातला नाही. ती झोपड्यांच्या रांगेत एकेका दारात वाकून बघत गेली आणि मी तिच्या मागोमाग. शेवटच्या झोपडीत एक मुलगी कोळशाच्या पोत्यांना टेकून बसली होती, पाय पसरून. नर्सबाईनं तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला तो भरून यायला वेळ लागला.

"ऊठ," ती म्हणाली. "चल आमच्याबरोबर."

मुलीनं मुकादमाकडे बघितलं, मग आपल्या सासूकडे. सासूनं तिचं लुगडं आणि एक गाडगं तिच्या हातात दिलं. आम्ही तिला दोन्हीकडून धरून सावकाश उतरायला लागलो. दर थोड्या वेळानं ती बसायची, आणि आम्ही थांबायचो.